हसतंय म्हणजे सुखात आहे, असं कुठंय?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की पॉझिटिव्ह सायकॉलॉजी (माणसाचं बरं कशामुळं चालतं ते बघणारी मानसशास्त्राची शाखा), सुख, समाधान ह्याबद्दल डोक्यात जे काय असेल ते बिनधास्त विचारा, तर सोलापूरकरांनी एवढं विचारलंय की संपादकांनी माझ्यापुढं हातच जोडले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं जरा कापलीत, नावं सगळ्यांचीच काढलीत. उत्तरं नेहमीसारखी तुमच्या मॅडमची, म्हणजे कॉलेजात मानसशास्त्र शिकवून शिकवून घसा बसलेल्या बाईची.

प्रश्न: मॅडम, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मालकांनी बाहेरून एक ट्रेनर आणले होते. त्यांनी दोन तास टाळ्या वाजवायला लावल्या, आरशात बघून 'मी खुश आहे' म्हणायला लावलं, निगेटिव्ह माणसांपासून लांब राहा म्हणाले आणि ह्यालाच पॉझिटिव्ह सायकॉलॉजी म्हणतात असं सांगितलं. खरंच हे शिकवतात का कुठं?

टाळ्यांनी कुणाचं वाईट होत नाही दादा, दोन तास मशीनच्या आवाजातून कान सुटले एवढं तरी पदरात पडलं. पण नाही, हे शिकवत नाहीत.

ह्या शाखेतलं मोठं नाव म्हणजे मार्टिन सेलिगमन, आणि गंमत बघा, ह्या माणसाचं नाव आधी झालं ते हताशपणाच्या अभ्यासानं. १९६७ साली त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, काही कुत्र्यांना असा शॉक द्यायचे की तो थांबवणं त्यांच्या हातातच नाही, आणि नंतर त्याच कुत्र्यांना साधी उडी मारून सुटता येईल अशा पेटीत ठेवलं तरी बरीचशी तिथंच पडून शॉक खात राहिली. आज असलं काही कुणी करू देणार नाही आणि करूही नये, पण मुद्दा कळला ना, काही केलं तरी उपयोग नाही हे जीव शिकतो. पुढं १९९८ ला सेलिगमन अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी विषय काढला की दुसऱ्या महायुद्धानंतर आपण सगळे आजाराच्याच मागे लागलो, उदासी, भीती, वेड ह्यांचं बरंच कळलं, पण ज्यांचं बरं चाललंय त्यांचं कशामुळं बरं चाललंय हे कोण मोजणार. तिथून ह्याला जोर आला. 'पॉझिटिव्ह सायकॉलॉजी' हा शब्द मात्र त्यांचा नाही, अब्राहम मास्लो यांनी १९५४ च्या पुस्तकातच तो वापरला होता.

२०११ मध्ये सेलिगमन यांनी पाच गोष्टी एकत्र मांडल्या, चांगल्या भावना, कामात गुंतून जाणं, नाती, जगण्याला काही अर्थ असणं आणि काहीतरी करून दाखवणं. इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्याला 'पर्मा' म्हणतात. आता तुम्हीच मोजा, तुमच्या ट्रेनरनं पाचातली एकच धरली, ती पण आरशापुढं. आणि निगेटिव्ह माणसांपासून लांब राहायचं हे कुठल्या अभ्यासातून काढलं देव जाणे. शिफ्टमधला एखादा 'ह्या महिन्यात पण पगार लांबला' म्हणाला तर तो निगेटिव्ह नसतो ओ, तो खरं बोलत असतो. राग, काळजी, दुःख ह्यांना पण काम असतं.

एक गोष्ट मात्र इथंच सांगून ठेवते, ह्या पाचही गोष्टी एकदमच वर किंवा एकदमच खाली जातील असं नाही. एक भरलेली आणि दुसरी कोरडी, असं सर्रास असतं. त्यामुळं 'सुखी कसं व्हायचं' विचारण्याआधी आपल्याकडं नक्की काय कमी पडतंय ते बघायचं. खालची बहुतेक पत्रं वाचताना मला तेच दिसलं.

प्रश्न: बँकेतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली. जुळे सोलापुरात स्वतःचं घर, पेन्शन वेळेवर, मुलगा-सून पुण्यात, दोघं नोकरीला. घर बांधत होतो तेव्हा वाटायचं एवढं झालं की अजून काही नको. आता पेपर वाचून झाला की दिवस ढकलायचा कसा कळत नाही. रडू येत नाही, झोप लागते, भूक लागते, पण सगळं सपाट वाटतं. बायको म्हणते तुम्हाला सुख बोचतंय. हे डिप्रेशन आहे का?

काका, काकूंचं अर्धं बरोबर आहे.

त्या अर्ध्याला शास्त्रात पण नाव आहे, 'हेडॉनिक ट्रेडमिल', म्हणजे सुखाचा जागच्या जागी फिरणारा पट्टा, फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये ते मांडलं, माणूस चांगल्याला सरावतो आणि परत जिथं होता तिथं येतो. घराचं वास्तुपूजन होईपर्यंत जे वाटत होतं ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही, तोवर गच्चीवर पत्रा टाकायचा राहिलाय हे दिसायला लागतं. ब्रिकमन आणि दोन सहकाऱ्यांचा १९७८ चा अभ्यास तर फार गाजला, लॉटरी लागलेले २२ जण, अपघातात अपंगत्व आलेले २९ जण आणि साधे शेजारीपाजारी २२. लॉटरीवाले शेजाऱ्यांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट गप्पा मारणं, न्याहारी करणं असल्या रोजच्या गोष्टींत त्यांना मजा कमी येत होती. पण हा अभ्यास सांगताना लोक एक लोणकढी थाप मारतात, की अपंग झालेले पण परत तेवढेच सुखी झाले. नाही झाले. लोकांना वाटेल त्यापेक्षा बरे होते, पण शेजाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी सुखी होते. नंतर जर्मनीत हजारो लोकांना वर्षानुवर्षं विचारून बघितलं तेव्हा लग्नाचा आनंद सरासरी दोनेक वर्षांत उतरतो असं दिसलं, पण नोकरी गेल्याचा घाव मात्र पुरता भरत नाही, परत नोकरी लागली तरी. हे सोलापूरला कुणी परदेशातून येऊन सांगायची गरज नाही म्हणा, गिरण्या बंद पडल्यानंतरची घरं आपण बघितलीत.

आता उरलेलं अर्धं. एड डीनर नावाच्या संशोधकानं आयुष्यभर हेच मोजलं, आणि त्यानं दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, एक म्हणजे रोज मनाला काय वाटतं आणि दुसरी म्हणजे एकंदर आयुष्याकडं बघून आपण काय मार्क देतो. १९८५ ची त्यांची पाच वाक्यांची पट्टी आहे, प्रत्येक वाक्याला १ ते ७ मार्क, म्हणजे कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३५. 'आतापर्यंत आयुष्यात मला हवं ते महत्त्वाचं मिळालंय' अशा धाटणीची वाक्यं. काका, तुम्ही ह्यात झकास पास व्हाल. पण कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये सहा वेगळ्याच गोष्टी विचारल्या, स्वतःला आहे तसं स्वीकारणं, जवळची नाती, स्वतःच्या मतानं चालणं, आजूबाजूचा पसारा सांभाळता येणं, जगण्याला दिशा असणं, आणि आपण अजून वाढतोय असं वाटणं. शेवटच्या दोन ठिकाणी तुमची पेन अडेल असा माझा अंदाज आहे. आजार नाही पण बहर पण नाही, ह्या मधल्या अवस्थेवर कोरी कीज यांनी २००२ मध्ये लिहिलंय, आणि तुमचं पत्र त्यात चपखल बसतं. डिप्रेशन आहे का हे मी पत्रावरून सांगणार नाही, बीपी दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांना हेच पत्र दाखवा, पण झोप-भूक ठीक आहे हे चांगलं लक्षण.

मग काय करायचं? लाफ्टर क्लब सांगत नाही, सिद्धेश्वर तलावाला दोन फेऱ्या मारा हे पण सांगत नाही, ते तुम्ही करतच असाल. तुम्ही बँकेत होता, लोक काउंटरवर येऊन 'साहेब एवढं बघा की' म्हणायचे, आणि ते म्हणणं गेलंय. आपल्या पूर्व भागात कितीतरी म्हाताऱ्या बायकांना पेन्शनचा हयातीचा दाखला, केवायसी, अंगठा न उमटणं ह्या भानगडी समजत नाहीत, एजंट शंभर-दोनशे घेतो. आठवड्यातले दोन दिवस ठरवून एखाद्या ओळखीच्या वाचनालयात टेबल टाकून बसा. त्यात दिशा आली, नाती आली, आणि नवीन ॲप शिकावं लागेल म्हणजे वाढ पण आली.

नात्यांवर जरा जोर देतेय ते उगाच नाही. हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे, हार्वर्डची पोरं आणि बॉस्टनच्या गरीब वस्तीतली पोरं मिळून ७२४ जण (सगळे पुरुषच, बायका नंतर आल्या), त्यांच्या मागं लागून लागून म्हातारपणापर्यंत बघितलं. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती ते ऐंशीला जास्त धडधाकट निघाले, आणि ह्याचा अंदाज कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांवरून जास्त चांगला लागला. त्यामुळं पुण्याला 'पोरं बिझी असतील' म्हणून फोन न करणं बंद करा.

प्रश्न: मॅम, मी एसवायला आहे. आम्ही कुंभारीच्या घरकुलात राहतो, आई विड्या वळते. कॉलेजमध्ये पाहुण्या आल्या होत्या, त्यांनी ग्रॅटिट्यूड डायरी लिहायला सांगितली, म्हणाल्या रोज तीन गोष्टींबद्दल कृतज्ञ राहा, मग पैशानं काही फरक पडत नाही, गरीब माणसंच खरी सुखी असतात. मला इतका राग आला. पण घरी आल्यावर बघितलं तर आई आणि शेजारच्या मावश्या ओट्यावर बसून हसत होत्या. मग मलाच कळेना की आई सुखी आहे का नाही.

अगं पोरी, तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं.

तुझा राग बरोबर आहे, आधी तेच सांगते. 'पैशानं फरक पडत नाही' हे धादांत खोटं आहे. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतली आकडेवारी बघून म्हटलं होतं की वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढं रोजचा आनंद वाढायचा थांबतो, आणि लोकांनी त्यातला 'थांबतो' एवढाच शब्द उचलला, ७५ हजार डॉलर सोयीनं विसरले! त्या आकड्याच्या खाली पैसा आणि आनंद बरोबरच चढत होते. पुढं मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी २०२१ मध्ये मोबाइलवर लोकांना दिवसातून मधेच विचारून दाखवलं की त्याच्या पुढंही आनंद वाढतोच. मग भांडत न बसता काहनेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी, बार्बरा मेलर्स यांना मधे घेऊन, २०२३ मध्ये एकत्र हिशोब मांडला, तर बहुतेकांचा आनंद कमाईबरोबर वाढतच जातो, फक्त जे आधीच फार दुःखी आहेत त्यांचा एका टप्प्यानंतर पैशानं वाढत नाही. असं भांडण असं मिटवणारी माणसं आपल्या क्षेत्रात विरळाच.

आता ओट्यावरच्या हसण्याचं. ह्यावर आपल्याच देशात झालेलं काम आहे. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर, बापलेक, त्यांनी कोलकात्यात झोपडपट्टीतली, फुटपाथवर राहणारी आणि वेश्यावस्तीतली अशी ८३ माणसं गाठून विचारलं, २००१ मध्ये ते छापून आलं. 'एकंदर आयुष्य कसं आहे' विचारल्यावर सरासरी उत्तर किंचित नकोसं, वाईटाकडं झुकलेलं, सुस्थितीतल्या लोकांपेक्षा कमी. पण तुकड्या-तुकड्यानं विचारलं, घरची माणसं कशी, मैत्री कशी, स्वतःबद्दल काय वाटतं, तर उत्तरं चांगल्या बाजूला. म्हणजे मावश्यांबरोबर हसणं खरं आणि आयुष्याला कमी मार्क देणं पण खरं. दोन्ही एकाच बाईची उत्तरं आहेत.

तुझ्या आईकडं बघ ना. मांडीवर सूप, पत्र्याच्या मापानं कापलेलं पान, त्यात चिमूटभर तंबाखू, बोटाच्या एका झटक्यात वळलं, दोरा गुंडाळला, टोक दुमडलं, आणि हे करताना तोंड तिसऱ्याच विषयावर चालू. त्या तोंडानं जे चाललंय ते नातं आहे, आणि ते तिनं स्वतः कमावलंय. तपासणीत विड्या बाजूला काढल्या की पैसे कापतात, मान अवघडते, तंबाखूची धूळ छातीत जाते, हे पण तिचंच आहे. पहिल्याकडं बोट दाखवून दुसरं झाकायचं, हे त्या पाहुण्या बाईंचं चुकलं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन म्हणतात की माणसाला तीन गोष्टी लागतातच, आपल्या मनानं काही ठरवता येणं, काहीतरी नीट जमणं आणि माणसांशी जोडलेलं असणं. आईला दोन आहेत, हात तर असा बसलाय की मशीन लाजेल. पहिली कुठं आहे?

आणि डायरी? ती वाईट नाही गं, फक्त तिच्या अंगावर फार मोठा झगा चढवलाय. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांनी २००३ मध्ये काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानावेत अशा पाचेक गोष्टी लिहायला लावल्या, काहींना कटकटी लिहायला लावल्या, काहींना नुसत्या घडामोडी. आभारवाले आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाले. पण नंतर असे बरेच अभ्यास एकत्र घालून बघितले तर फायदा असतो पण छोटा असतो. शिवाय कुणी दुसऱ्यानं 'कृतज्ञ राहा' म्हणून हुकूम सोडणं आणि आपल्याला आतून वाटणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुला लिहायचं तर लिही, आईनं सणाला केलेल्या पुरणपोळ्यांबद्दल लिही, आणि पुढच्या पानावर विडी कामगारांच्या मजुरीबद्दल पण लिही. आई सुखी आहे का हे मात्र तिलाच विचार, आणि तुकड्या-तुकड्यानं विचार, एका दमात विचारलंस तर 'चाललंय बरं' एवढंच मिळेल.

प्रश्न: मी चादरीच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग बिघडले की दुरुस्त करणारा. नुसतं माग चालत असताना उभं राहायचं म्हटलं की घड्याळ हलत नाही, पण जकार्ड (मागावरचं नक्षी काढणारं यंत्र) बिघडला, डिझाइन चुकायला लागलं की दुपारचा डबा पण राहतो आणि मला कळत पण नाही. घरी सुट्टीला मोबाइल बघून उलट जास्त दमतो. असं का?

तुमच्या ह्या डबा विसरण्यावर मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी (नाव म्हणायला अवघड आहे, हंगेरियन माणूस) सगळी हयात घालवली. चित्रकार, डोंगर चढणारे, बुद्धिबळ खेळणारे, सर्जन, सगळे एकच सांगत होते, की काम चालू असताना वेळ आणि मी दोन्ही गायब होतं. त्यांनी त्याला 'फ्लो' म्हटलं, १९९० च्या पुस्तकानंतर ते जगभर पसरलं. त्याला अटी लागतात. काय करायचंय ते स्पष्ट पाहिजे, जमतंय का नाही ते लगेच कळलं पाहिजे आणि काम आपल्या कुवतीच्या अगदी कडेवरचं पाहिजे, सोपं असेल तर कंटाळा, फार अवघड असेल तर टेन्शन. तुमच्या जकार्डात तिन्ही आहेत बघा, फुलाची पाकळी नीट आली पाहिजे हे स्पष्ट, पुढचे चार धागे पडले की चूक का बरोबर ते समोर दिसतं, आणि कुठला दोरा कुठल्या पुठ्ठ्याच्या भोकावरून चुकतोय हे शोधणं सगळ्यांना जमत नाही. चालू मागापुढं उभं राहण्यात यातलं काहीच नाही.

सुट्टीचं पण त्यांनी पकडलंय. लोकांना पेजर देऊन दिवसभरात कधीही वाजवायचे आणि आत्ता काय करताय, कसं वाटतंय ते लिहून घ्यायचे. ज्युडिथ लफेवर यांच्याबरोबर १९८९ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं की फ्लोला पोषक अशी स्थिती लोकांना मोकळ्या वेळापेक्षा कामावर जास्त मिळते, आणि तरी कामावर असताना हीच माणसं म्हणतात की आत्ता दुसरीकडं असतो तर बरं झालं असतं. तुमच्या मोबाइलला ना ध्येय ना आव्हान, बोट वर सरकवायचं एवढंच. सुट्टीला हाताला काम द्या, कॅरम असो नाहीतर पोराची सायकल. आणि डबा राहू देऊ नका ओ, फ्लोनं पोट भरत नाही.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर आलंय की एका निगेटिव्ह विचाराला तीन पॉझिटिव्ह विचार लागतात, आणि सुखातलं ४० टक्के आपल्याच हातात असतं. खरं का?

पहिलं मोडीत निघालंय. बार्बरा फ्रेडरिकसन आणि मार्शल लोसाडा यांनी २००५ मध्ये २.९०१३ असा चक्क चार दशांश स्थळांचा आकडा काढला होता, मनाचा चार दशांशांपर्यंत हिशोब, तेव्हाच शंका यायला हवी होती. २०१३ मध्ये निकोलस ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी त्यामागचं गणितच पोकळ आहे हे दाखवलं आणि तो भाग मागं घ्यावा लागला. चांगल्या भावनांनी नजर रुंदावते, नवं सुचतं, हे फ्रेडरिकसन यांचं मूळ म्हणणं वेगळं, त्यावर काम चालू आहे. दुसरं म्हणजे ५० टक्के जन्मजात, १० टक्के परिस्थिती, ४० टक्के आपल्या हातात, ही सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांची २००५ ची मांडणी. ते आकडे माणसामाणसांतल्या फरकाचे होते, तुमच्या एकट्याच्या सुखाचे तुकडे नव्हते, आणि नंतर मांडणाऱ्यांनीच हात आखडता घेतला. ज्याच्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं त्याला परिस्थिती फक्त १० टक्के हे सांगून बघा.

प्रश्न: मी सात रस्त्याजवळ रूम घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. तुमच्या कॉलममध्ये वाचून डब्ल्यूएचओची पाच प्रश्नांची चाचणी केली, २८ आले. रात्री तीन-तीनपर्यंत झोप नाही, मित्रांचे फोन उचलत नाही. तीन चांगल्या गोष्टी लिहायला सुरू करू का?

नको, आत्ता नको. आधी आकड्याचं सांगते. त्या चाचणीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल पाच वाक्यं असतात, प्रत्येकाला ० ते ५, बेरजेला चारनं गुणायचं म्हणजे १०० पैकी येतं. ५० च्या खाली आलं तर नीट तपासून घ्यावं असं समजतात, तुझं त्याच्या बरंच खाली आहे. थर्मामीटरनं ताप कळतो, मलेरिया का टायफॉइड ते कळत नाही, तसंच हे, त्यामुळं २८ म्हणजे डिप्रेशनच असं नाही, पण दाखवायला हवंच.

तीन चांगल्या गोष्टींचा जो अभ्यास सगळे सांगतात तो सेलिगमन आणि सहकाऱ्यांचा २००५ चा, आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायचं, फायदा सहा महिन्यांपर्यंत दिसला. पण ते लोक इंटरनेटवर स्वतः शोधत आलेले होते, लिहायला बसण्याएवढा उत्साह असलेले. तीन वाजेपर्यंत जागणाऱ्या पोराला वही देऊन बसवलं आणि काही सुचलं नाही तर तो स्वतःलाच अजून एक परीक्षा नापास करून घेतो.

ह्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडं जा, सिव्हिलला पण ओपीडी असते, नाहीतर ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडून सुरुवात कर. पैशाची अडचण किंवा जायची हिंमत होत नसेल तर आज रात्रीच १४४१६ ला फोन लाव, ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. चाचणीचा कागद सोबत ने, झोप कधीपासून गेली ते सांग, आणि जगू नये असं मनात येत असेल तर ते पण सांग, तिथं ते सांगायला लाज वाटण्यासारखं काही नाही, ते विचारतातच. आणि ज्याचे फोन उचलत नाहीस त्यातल्या एकाला 'डॉक्टरकडं चाललोय, येतोस का' एवढा मेसेज टाक, बाकी काही समजावत बसू नको.